पहिली क्ले बंदूक: नवी घ्यावी की वापरलेली?

(दृश्य: मोकळी रेंज. यंत्रातून तबकडी सुटते, बार होतो, केशरी तुकडे गवतावर पडतात.)

क्ले म्हणजे यंत्रातून हवेत सुटणारी तबकडी शॉटगनने, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीने, फोडायचा खेळ. ही तबकडी 110 मिलिमीटर रुंद, 105 ग्रॅम वजनाची. पिच, म्हणजे डांबरासारखा पदार्थ, आणि चुनखडीची पूड यांचं मिश्रण साच्यात दाबून ती बनवतात. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्हस्कीने 1880 मध्ये मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. त्याआधी नेमबाज जिवंत कबुतरांवर, नाहीतर काचेच्या गोळ्यांवर बार काढत. आज या तबकडीमागे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे पाठवता येतात. 2.4 मिलिमीटरचा छर्रा धरला तर एका काडतुसात सुमारे 300 दाणे.

यापुढे प्रश्न येतो तो बंदुकीचा. क्लबच्या बंदुकीवर हात बसला, परवान्याचं काम मार्गी लागलं, की आपली स्वतःची असावी असं वाटायला लागतं. मग सुरू होतं ते ‘नवी की जुनी’. आमचं म्हणणं असं की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न दस्त्याचा, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडी भागाचा.

(दृश्य: टेबलावर तीन बंदुका, उघडलेल्या अवस्थेत.)

प्रकाराचा निकाल झटकन लावता येतो. शेजारी-शेजारी नळ्या असलेली दुनळी दिसायला देखणी, पण क्लेवर तिची गाठ क्वचितच पडते. सेमी-ऑटोमॅटिकला, म्हणजे बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीला, एकच नळी. बाराच्या गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोचा धक्का सौम्य असतो, त्यामुळे खांदा नाजूक असलेल्यांना ती मानवते. पण ती रिकामी काडतुसं बाजूला फेकते, गॅसचे भाग वरचेवर साफ करावे लागतात, आणि ती रिकामी आहे हे लांबून कुणाला कळत नाही. म्हणून बहुतेक रेंजवर हातात दिसते ती ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्या असलेली 12 बोअर. ती उघडून हातावर घेतली की चेंबर, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, रिकामे आहेत हे पलीकडच्या माणसालाही दिसतं. पहिली बंदूक हीच घ्यावी. यात आम्ही फारसा वाद घालणार नाही.

(दृश्य: नेमबाज डोळे मिटून बंदूक खांद्याला लावतो. कॅमेरा समोरून, नळीच्या रेषेत.)

आता दस्ता. रायफलीला पुढे-मागे दोन माशा असतात, त्या जुळवल्या की नेम झाला. शॉटगनला मागची माशी नसतेच. मागची माशी म्हणजे आपला डोळा, आणि तो कुठे राहील हे दस्ता ठरवतो. गाल दस्त्याच्या वरच्या कडेवर टेकतो. ती कड उंच असेल तर डोळा वर जातो आणि छर्रे वर जातात. खाली असेल तर छर्रे खाली.

फरक किती पडतो, याचा हिशोब सोपा आहे. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत अंतर ढोबळमानाने एक मीटर. तबकडी 35 मीटरवर. डोळा जागेवरून 3 मिलिमीटर हलला, तर तिकडे फरक पडतो साधारण 10 सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ एका तबकडीची रुंदी! गालाशी 3 मिलिमीटर म्हणजे किती, ते पट्टीवर बघा. इतकी चूक असलेली बंदूक घेऊन माणूस महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देत बसतो.

तपासायची रीत अशी. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, सुरक्षित दिशेला तोंड करा, डोळे मिटा, सवयीप्रमाणे खांद्याला लावा आणि गाल टेकवा. मग डोळे उघडा. नळीवरच्या पट्टीच्या मधोमध, किंचित वरून तुम्हाला टोकाची माशी दिसली पाहिजे. ती दिसावी म्हणून मान वाकवावी लागत असेल, तर दस्ता तुमचा नाही. दस्त्याची लांबीही बघा, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर. बहुतेक कारखाने ती 37 सेंटीमीटरच्या आसपास ठेवतात. आखूड हाताच्या माणसाला ती काखेत अडकते, उंच माणसाच्या अंगठ्याची गाठ नाकावर आदळते. शिवाय दस्ता उजव्या किंवा डाव्या अंगाला किंचित वळवलेला असतो. डावखुऱ्यांनी हे आधी विचारावं. उजव्या वळणाची बंदूक स्वस्तात मिळाली म्हणून घेणं हा सौदा नव्हे.

डोळ्यांचं एक प्रकरण आणखी आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या काहींचा प्रबळ डोळा डावा असतो. दोन्ही तळहातांत छोटा त्रिकोण करून लांबची एखादी वस्तू त्यातून बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणातच दिसत राहते, तो प्रबळ. हे बंदूक घेण्याआधी कळलेलं बरं. प्रशिक्षक त्यावर उपाय सांगतो, आणि कधी कधी तो उपाय म्हणजे दुसऱ्या खांद्यावरून नेम धरणं. तसं ठरलं तर बंदूकही दुसरीच लागेल.

(दृश्य: ट्रॅपचा खंदक, स्कीटची दोन घरं, झाडीतून निघणारी तबकडी.)

कोणता प्रकार खेळणार, त्यावरही बंदूक ठरते. ट्रॅपमध्ये तबकडी समोरून वर चढत दूर जाते. म्हणून ट्रॅपच्या बंदुकीची कड उंच असते, ती मुद्दाम थोडं वर मारते आणि तिचे चोक, म्हणजे नळीच्या टोकाशी छर्रे एकवटणारे अरुंद भाग, घट्ट असतात. स्कीटमध्ये तबकडी जवळून आडवी जाते, तिथे चोक उघडे लागतात. स्पोर्टिंगमध्ये तबकडी कुठूनही येते. पुढे काय खेळाल हे ठरलं नसेल तर स्पोर्टिंगची, 30 इंच नळीची, बदलते चोक असलेली बंदूक घ्या. ट्रॅपची बंदूक कुणी आकर्षक भावात देत असेल तर आधी विचारा, चोक नळीतच घडवलेले आहेत की बदलता येतात?

वजनाबद्दल एक सांगायला हवं. हलकी बंदूक दुकानात फार छान वाटते. पण एका फेरीत 25 तबकड्या, तशा चार फेऱ्या केल्या की शंभर धक्के खांद्याला बसतात. काडतूस तेच ठेवलं तर हलकी बंदूक जास्त लाथ मारते. क्लेच्या बंदुका साडेतीन किलोच्या आसपास असतात, त्या उगाच नाही.

(दृश्य: दुकानातलं काचेचं कपाट. मग वापरलेल्या बंदुकीचा जवळून शॉट: झिजलेली चौकट, हाताळून गुळगुळीत झालेलं लाकूड.)

आता नवी की वापरलेली. नवीला हमी असते, सुटे भाग मिळतात, तिचा पूर्वेतिहास शोधावा लागत नाही. उलट, दुकानातून बाहेर पडली की ती वापरलेली झाली, आणि तिची पहिली मोठी घसरण तुमच्या खिशातून होते. आमचा कौल स्पष्ट आहे. हातातल्या पैशात एखादी अनोळखी नवी आणि एखादी चांगल्या घराण्याची वापरलेली अशा दोन्ही येत असतील, आणि दोन्ही तुमच्या अंगाला बसत असतील, तर वापरलेली घ्या. बेरेटाची 680 मालिका, ब्राउनिंग, आणि ब्राउनिंगसाठीही बंदुका बनवणारी जपानची मिरोकू ही नावं वापरलेल्यांच्या बाजारात पुन्हा पुन्हा दिसतात. या बंदुका खूप काडतुसं पचवतात, झिजलेला भाग बदलता येतो, आणि त्या जाणणारे कारागीर सापडतात. बंदुका आखणारा जॉन ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यात वारला. त्याने आखलेली ओव्हर-अंडर 1931 मध्ये बाजारात आली, आणि नळ्यांखालून अडकणारी तिची घडण आजही त्या घराण्यात टिकून आहे.

पण वापरलेली घ्यायची तर हात काळे करावे लागतात.

(दृश्य: कारागिराचं टेबल. टॉप लीव्हरचा अगदी जवळून शॉट.)

ही वरची कळ, टॉप लीव्हर. बंदूक बंद केल्यावर ती कुठे थांबते ते बघा. नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते. कुलूप झिजत जातं तशी ती मध्यावर येते, आणि पुढे डावीकडे सरकते. इथे ती मध्याच्या डावीकडे आहे, म्हणजे बंदुकीने बराच पल्ला गाठलाय. दुरुस्ती होते, पण तो खर्च भावातून वजा झाला पाहिजे.

आता नळ्यांखालचं लाकूड, फोरएन्ड, काढून ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात. फोरएन्ड लावलेलं असताना ते नळ्या दाबून धरतं आणि ढिलाई लपवतं. ते काढून बंदूक बंद करा, दस्ता धरून हलवा. काही खुळखुळलं तर समजा. मग उजेडाकडे धरा आणि नळ्या ॲक्शनच्या, म्हणजे मधल्या यंत्रणेच्या चौकटीच्या, भिंतीला टेकतात तिथे बघा. उजेडाची फट दिसता कामा नये.

(दृश्य: नळीतून आरपार पाहताना. आत उजेडाची वर्तुळं.)

नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे रोखा. आतली वर्तुळं गोल दिसली पाहिजेत. एखादं चेपलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. टोकाजवळ बाहेरून बोट फिरवा, फुगवटा लागतो का बघा. सैल चोकने बार काढला की असा फुगवटा येतो, आणि त्यावर स्वस्तातला इलाज नाही. मग नळ्या बोटावर लटकत्या ठेवून पेन्सिलने टिचकी मारा. आवाज घंटेसारखा निघाला तर ठीक. बद्द आला, तर नळ्यांमधली पट्टी सुटली असण्याची शक्यता धरा.

लाकडात तडा बघायचा तो टॉप लीव्हरच्या मागे, दस्ता ॲक्शनला मिळतो तिथे. स्क्रूच्या खाचा चुरगाळलेल्या असतील तर कुणी घरच्या घरी पेचकस चालवलाय. नळ्यांना ताजा काळा मुलामा असेल तर तो का दिलाय, विचारा. विकणारा चिडला तर तेही उत्तरच.

चाप रिकामा ओढू नका, स्नॅप कॅप, म्हणजे खोटं काडतूस, घालून ओढा. काही बंदुकांत दुसरी नळी पहिलीच्या धक्क्यानेच तयार होते. तिथे एकदा चाप ओढून दस्त्याला तळहाताने थाप द्यावी, मग तो दुसऱ्या नळीसाठी लागतो. सेफ्टी आपोआप लागणारी आहे का, तेही बघा. शिकारीच्या बंदुकीत बंदूक उघडली की सेफ्टी परत बसते. क्लेवर तबकडी सुटते, चाप हलत नाही, आणि एक गुण गेला.

(दृश्य: नळ्यांच्या सपाट बाजूवरचे बारीक शिक्के, भिंगातून.)

हे बारीक शिक्के वाचायला शिका. चाचणीगृहात जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात आणि मग शिक्का मारतात. चेंबर 65 मिलिमीटरचा असेल तर 70 चं काडतूस घालायचं नाही, ते बसल्यासारखं दिसलं तरीही. युरोपीय संघात पाणथळ जागी आणि तिच्या आसपास शिशाचे छर्रे वापरायला 2023 पासून बंदी आहे, आणि अनेक ठिकाणी स्टीलचे छर्रे रूढ होताहेत. त्यासाठी जुनी, घट्ट चोकची बंदूक चालत नाही. जास्त दाबाच्या स्टीलसाठी तपासलेल्या नळीवर लिलीच्या फुलाचा शिक्का असतो. नळ्या, ॲक्शन, फोरएन्ड यांवरचे क्रमांक एकमेकांशी आणि कागदांशी जुळवा. एकही वेगळा निघाला तर बोलणी तिथेच थांबवा.

पैसे देण्याआधी कायद्यात आणि रेंजच्या नियमांत बसत असेल तर ती चालवून बघा, तीही आधी पांढऱ्या लोखंडी पाटीवर. 15 मीटरवरून सवयीने खांद्याला लावून चार-सहा बार काढले की छर्ऱ्यांचा ठसा डावीकडे, उजवीकडे, वर की खाली, ते दिसतं. मग तिला ओळखीच्या कारागिराकडे न्या. नळीच्या भिंतीची जाडी त्याच्या मापकानेच कळते. आणि फेरी सुरू करण्याआधी, बंदूक नवी असो की वापरलेली, चोक घट्ट बसलेत का ते चावीने तपासा.