बेल्टची शिट्टी आणि गेलेला पिकअप

मंडळी, जुनी गाडी गॅरेजात आणणारा माणूस एका दमात दोन तक्रारी सांगतो. ‘बेल्ट ओरडतोय, आणि पिकअप गेलाय.’ मेकॅनिक दोन्हींचं खापर बेल्टवर फोडतो, नवा बेल्ट टाकतो, आणि थोड्याच दिवसांत तीच गाडी तीच शिट्टी मारत परत येते. आज माझं सांगणं एवढंच आहे, की या दोन तक्रारी आधी वेगळ्या करा. त्यांचं एकमेकींशी नातं आहे का, ते मग तपासा.

उदाहरणाला मारुती 800 घेऊ. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती आली, जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं. तुमच्यापैकी अनेकांच्या दारात ती होती, काहींच्या अजूनही असेल. 796 सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण 37 अश्वशक्ती. इंजिनाच्या बाजूला एक व्ही-बेल्ट. तो पाण्याचा पंप, म्हणजे गॅरेजवाल्यांची ‘वॉटर बॉडी’, आणि अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, फिरवतो. एसी असेल तर कॉम्प्रेसरला बेल्ट वेगळा. इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा आतला टायमिंग बेल्ट या शिट्टीतून वगळा. तो दात्यांचा असतो, घसरून किंचाळत नाही. त्याचा एखादा दात सरकला तर पिकअप जातो खरा, पण बिनआवाजी.

बेल्ट ओरडतो म्हणजे तो पुलीवर घसरतोय. मग प्रश्न असा, की कोणत्या पुलीवर? पट्ट्याची पकड दोन गोष्टींवर ठरते, घर्षण आणि पुलीला बसलेला विळखा. हे गणित अठराव्या शतकातच गणितज्ञ ऑयलरने मांडून ठेवलंय. विळखा कमी झाला की पकड थोडीथोडकी नाही, भराभर घटते. अल्टरनेटरची पुली सगळ्यात लहान, तिच्यावर विळखा कमी आणि ओढ मात्र जास्त. म्हणून पहिला संशय तिच्यावर घ्यायचा. सकाळी स्टार्टर मारला की बॅटरीतून भरपूर करंट गेलेला असतो. इंजिन लागताच अल्टरनेटर तो भरून काढायला जोर लावतो, आणि नेमकी तेव्हाच शिट्टी ऐकू येते. पावसाळ्यात जास्त, कारण बेल्ट ओला असतो. काही सेकंदांत ती थांबत असेल तर बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय, एवढाच अर्थ. हेडलाइट, काच तापवणारी जाळी, ब्लोअर सगळं एकदम लावलं की ती परत येते का, तेही ऐका.

आता पाणी मारून बघण्याची युक्ती. इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडंसं पाणी मारा. ओढणी, बाही, केस लांब ठेवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर गप्प होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. अशा वेळी आवाजही लांब शिट्टीसारखा नसतो, चिमणीसारखा तुटक चिवचिवाट असतो. ही युक्ती नव्या गाड्यांच्या बारीक खाचांच्या रुंद बेल्टवर जास्त बोलकी ठरते. 800 च्या व्ही-बेल्टला मात्र पुलीत डोकावून पाहा. हा बेल्ट खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालायला हवा. खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट झिजून खाली बसलाय किंवा पुली खाल्ली गेलीय. मग कितीही ताणा, पकड येणार नाही. आणि ताणणं हा आपल्याकडचा मोठा छंद! अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सेंटिमीटरभरापेक्षा किंचित कमी दबला की पुरे. त्याहून टाईट केला की शिट्टी जाते आणि काही महिन्यांनी वॉटर बॉडीचं बेअरिंग जातं. तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट.

आता पिकअपकडे येऊ. घसरणारा बेल्ट स्वतः इंजिनाची ताकद खात नाही. बेल्टमागचं यंत्र खातं. अल्टरनेटर 14 व्होल्टला 50 अँपिअर देत असेल तर ते 700 वॅट झाले. त्याची कार्यक्षमता पन्नास-साठ टक्के धरली, तरी इंजिनाकडून तो पावणेदोन अश्वशक्तीच्या आसपास घेतो. एसीचा कॉम्प्रेसर त्याहून खादाड. खंबाटकीच्या चढाला 800 चा एसी बंद का करतात, ते आता हिशेबात दिसेल. याच कॉम्प्रेसरचं बेअरिंग जाम होत आलं तर शिट्टी, जळक्या रबराचा वास आणि पिकअप जाणं, तिन्ही एकदम येतात. इथे तक्रारींचं नातं खरं आहे.

दुसरं नातं विजेचं. बेल्ट घसरला की चार्जिंग पडतं. गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना मीटरवर साधारण 13.8 ते 14.4 हवेत. ते सतत 12 च्या खाली राहिले तर एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत पेट्रोलचा पंप मंदावतो, स्पार्क अशक्त होतो आणि गाडी मिसिंग करते. तिसरं नातं उष्णतेचं: पाण्याचा पंप हळू फिरला की इंजिन तापतं, आणि तापलेलं इंजिन ओढत नाही.

यातलं काय आहे ते कसं ओळखायचं? इंजिन बंद, थंड, चावी खिशात, कारण रेडिएटरचा विजेचा पंखा आपला आपण सुरू होऊ शकतो. बेल्ट काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा. खरखर, अडखळणं, वरखाली हलणं बोटांना लगेच कळतं. वॉटर बॉडीच्या खालच्या छोट्या भोकाशी कूलंटचे डाग आहेत का तेही पाहा. तिथून गळलेला कूलंट किंवा व्हॉल्व्ह कव्हरचं तेल बेल्टवर पडत असेल, तर नवा बेल्टही तसाच ओरडणार. मग बेल्ट न लावता इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. त्याहून जास्त नाही, पाणी फिरत नसतं. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाच्या आतला, बेल्टला सोडून द्या.

पुल्या मोकळ्या, चार्जिंग ठीक, तापमान ठीक आणि तरी गाडी ओढत नाही? मग तो दुसरा आजार. आरपीएम चढतात पण वेग चढत नाही, तर क्लच प्लेट. फेरी मारून आल्यावर एकच चाक चटका देतं, तर ब्रेक धरतोय. बाकी एअर फिल्टर, कॉम्प्रेशन, जाम झालेला सायलेन्सर. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मागून चिठ्ठी आली आहे, ‘बेल्टला साबण किंवा मेण चोळलं तर चालतं का?’ आवाज जातो, पकडही जाते. बाटलीतला बेल्ट-स्प्रे मारला तर तो चिकटपणामुळे धूळ धरतो. पुलीच्या खाचा कोरड्या फडक्याने पुसा, बेल्ट बदला, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा एकदा पाहा, कारण नवा व्ही-बेल्ट बसताना थोडा सैल होतोच.