गावातली माणसे आणि गावची माणसे

नमस्कार, श्रोतेहो.

कोकणातील एखाद्या लहान गावाची लोकसंख्या किती, असे गावातच कोणाला विचारले, तर बहुधा उलट प्रश्न येतो : “गावात राहणारी, की मुंबईवाले धरून?” या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

प्रथम सरकारी आकडे पाहू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. सिंधुदुर्गात ती 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली त्याच दशकात या दोन जिल्ह्यांतून मिळून एक लाखाहून अधिक माणसे कमी झाली. रत्नागिरीत 2001 मध्ये दर हजार पुरुषांमागे 1136 स्त्रिया होत्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत मात्र मुलींची संख्या मुलग्यांहून कमीच भरते. तेव्हा स्त्रियांचे हे आधिक्य जन्माचे नसून पुरुष बाहेर गेल्याचे आहे, हे उघड आहे. 2011 मध्ये हेच प्रमाण 1122 झाले. पुरुष परतले म्हणून ते उतरले असते, तर एकूण लोकसंख्या घटली नसती. माझ्या मते याचा सरळ अर्थ असा, की पूर्वी घरातला कर्ता पुरुष एकटा जाई, आता बिऱ्हाडच उठते.

तो एकटा का जाई, हे कळायला जमिनीकडे पाहिले पाहिजे. खोती गावांत सारावसुली खोताकडे, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत वतनदाराकडे, असे आणि कुळाने भातशेतीच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खोताला द्यावा, अशी ‘अर्धेल’ची रीत होती. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरी पिकवायची, तर तिथे ‘तिर्धेल’, म्हणजे तिसरा हिस्सा. उरलेल्या धान्यात पावसाळा निघणे कठीण असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा 1949 मध्ये झाला. तोवर गावाला मुंबईची वाट पाठ झाली होती. आधी कंपनी सरकारच्या पलटणी होत्या, मग 1850 च्या दशकापासून कापडगिरण्या आल्या. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींत गावकीच्या नावाने खोल्या घेतल्या गेल्या. एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत, आणि महिन्याकाठी येणाऱ्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल चाले. लावणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे हे सारे बायकांनी सांभाळले. जनगणनेच्या कोष्टकात मात्र त्यांतील कित्येकींची नोंद ‘काम न करणाऱ्या’ अशीच झाली असणार, ही शंका माझ्या मनातून जात नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ती मनीऑर्डर थांबली. काही जण परतले, पुष्कळ जण विरार, कल्याण, पनवेलकडे सरकले आणि तिथेच कुटुंब घेऊन स्थिरावले.

आता गावाची स्वतःची मोजणी पाहा. ती देवस्थानाच्या वहीत असते. बहुतेक गावांत शिमग्याची वर्गणी उंबऱ्यामागे ठरते; भाऊ वेगळे झाले की वहीत दोन नावे होतात, आणि त्यांतले एक डोंबिवलीला राहत असले तरी ते कापले जात नाही. पालखी वाडीत आली म्हणजे वर्षभर कुलूप असलेले घरही उघडावे लागते. निदान पुतण्याकडे किल्ली देऊन ओटी भरण्याची व्यवस्था करावी लागते. म्हणून जनगणनेत माणसे घटत असताना या वहीत उंबरे वाढताना दिसतात. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत. शाळेचे जनरल रजिस्टर मात्र जनगणनेच्या बाजूने साक्ष देते. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत एकेकाळी दर वर्षी पंधरा-वीस नावे चढत, तिथे आता पहिलीत दोन मुले आली तरी गुरुजींना हायसे वाटते.

उलट दिशेनेही माणसे येतात. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी कामगार वर्षानुवर्षे येत आहेत. ते देवस्थानाच्या वहीत नाहीत, आणि गावाचा इतिहास लिहू म्हणणारे आपण त्यांना बहुधा विसरतोच.

पुढील जनगणनेची संदर्भतिथी 1 मार्च 2027 ही आहे. होळीपौर्णिमा त्यानंतर तीन आठवड्यांनी येते. प्रगणकाची मोजणी संपलेली असेल आणि चाकरमानी गावात उतरलेले असतील, त्या दिवसांत गावातील दोन-चार शिकलेल्या मुलांनी वही घेऊन वाडीवाडीत फिरावे : घर कोणाचे, राहते कोण, किल्ली कोणाकडे, शेत कसते कोण, आणि घरातले पहिले माणूस मुंबईला कोणत्या साली गेले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वाडीतल्या म्हाताऱ्या आजींकडेच मिळेल, म्हणून सुरुवात त्यांच्या ओटीवरून करावी.

नमस्कार.