न्यूयॉर्कचं चित्र माहीत, शिकागोचं फक्त नाव

नमस्कार मंडळी. आज गप्पा अमेरिकेतल्या दोन शहरांच्या, न्यूयॉर्क आणि शिकागो, आणि प्रश्न अगदी साधा आहे की फोटो दाखवला तर कुठलं शहर लोक पटकन ओळखतात? उत्तर आधीच सांगून टाकते, न्यूयॉर्क. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा फोटो कुठल्याही गावातल्या शाळेत नेऊन दाखवा, पोरं ओळखणार, आणि नुसती ओळखणार नाहीत तर वहीच्या मागच्या पानावर काढूनपण दाखवतील, डोक्यावर टोकंटोकं असलेला मुकुट, वर केलेला हात, हातात मशाल, झालं चित्र. आता शिकागोचं काय काढाल? इथेच सगळे अडकतात. आणि गंमत बघा, शिकागो हे नाव मात्र आपल्याकडे घराघरात माहितीय, ११ सप्टेंबर १८९३, स्वामी विवेकानंद, सर्वधर्म परिषद, भाषण स्पर्धेत भाग घेतलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी म्हटलेलं असतं. पण ते शहर दिसतं कसं, ते डोळ्यासमोर येतच नाही.

हे असं का झालं याचा मी बराच विचार केलाय आणि मला वाटतं खूण सुंदर आहे की उंच आहे यावर ओळख ठरतच नाही, ती किती लोकांच्या वाटेत उभी आहे आणि किती जणांच्या घरात पोचली यावर ठरते.

लिबर्टीचंच घ्या ना. पुतळा फ्रान्सने भेट दिला पण खालचा चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि त्याला पैसे कमी पडत होते. मग पैसे जमवणाऱ्या कमिटीने पुतळ्याच्या छोट्या छोट्या प्रतिकृती विकायला काढल्या, सहा इंची एक डॉलरला, म्हणजे खरा पुतळा उभा राहायच्या आधीच लोकांच्या घरात त्याचा आकार येऊन बसला होता! शिवाय १८८५ साली जोसेफ पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून वर्गणी मागितली आणि जो कोणी पैसे देईल, अगदी काही सेंट दिले तरी, त्याचं नाव पेपरात छापायचं कबूल केलं, आणि लाखभर लोकांनी पैसे दिले, बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी. ऑक्टोबर १८८६ मध्ये पुतळ्याचं उद्घाटन झालं. मग १८९२ पासून शेजारच्याच एलिस बेटावरून सव्वा कोटीच्या आसपास माणसं अमेरिकेत शिरली, बोटीतून येताना त्यांना पहिलं दर्शन ह्याच बाईचं, त्यांनी ते गावाकडे पत्रातून कळवलं असणार, पोस्टकार्डं धाडली असणार. आता एवढी जाहिरात कुठल्या शहराला मिळणार सांगा.

आपल्या आनंदीबाई जोशी मात्र त्याच्याही आधी तिथे उतरल्या, ४ जून १८८३ ला, तेव्हा बंदरात पुतळा नव्हता. पण ब्रुकलिन ब्रिज होता, नवा कोरा, २४ मेला म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी खुला झालेला. तो पूल त्यांनी पाहिला असेल का, पाहिला असेल तर काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात खूप वेळा येतो. वय अठरा, एकटी बाई, नऊवारीत, आणि समोर जगातला तेव्हाचा सगळ्यात लांब झुलता पूल. न्यूयॉर्कच्या कुठल्याही गाईडच्या तोंडून आनंदीबाईंचं नाव यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढे एम्पायर स्टेट आलं १९३१ ला, १०२ मजले, आणि दोनच वर्षांत किंग काँग सिनेमात तो गोरिला त्यावर चढला, म्हणजे बिल्डिंग नवी असतानाच जगभर पोचली. टाइम्स स्क्वेअर, सेंट्रल पार्क वगैरे तुम्हाला माहितीच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

शिकागोचं सिनेमाच्या बाबतीत अगदी उलटं झालं. २००५ आणि २००८ च्या बॅटमॅनच्या सिनेमांचं बरंच शूटिंग शिकागोत झालं, ते रस्ते, ती नदी, ते खालून गेलेले डबल डेकर रोड, सगळं जगाने पाहिलं, पण कुठलं शहर म्हणून? गॉथम, बॅटमॅनच्या गोष्टीतलं काल्पनिक शहर! शहर शिकागोचं आणि नाव भलत्याचंच.

आता बांधणीकडे या, कारण मला खरं हेच सांगायचंय. न्यूयॉर्कची ती त्रिकोणी इस्त्रीसारखी दिसणारी फ्लॅटायरन बिल्डिंग आहे ना, १९०२ ची, तिचा आर्किटेक्ट डॅनियल बर्नहॅम, माणूस शिकागोचा. १८७१ च्या आगीत शिकागोचा मधला भाग जळून गेला, परत बांधताना लोखंडी सांगाड्यावर उंच इमारती उभ्या करायचं तंत्र तिथे वाढलं, १८८५ ची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग तर पहिली स्कायस्क्रेपर म्हणून सांगितली जाते, १९३१ ला पाडली ती. म्हणजे ज्या गगनचुंबी इमारतींसाठी न्यूयॉर्क ओळखलं जातं ते काम आधी शिकागोत घडलंय, आणि ओळख गेली दुसऱ्याकडे.

सियर्स टॉवर बघा, २००९ पासून नाव विलिस टॉवर पण शिकागोची जुनी माणसं अजून सियर्सच म्हणतात. ११० मजले, ४४२ मीटर, जवळजवळ पंचवीस वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत होती. तिचा स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलुर रहमान खान, जन्म ढाक्याचा. शिकागोत वारं किती सुटतं ते तिथे राहणाऱ्यांना विचारा, त्या वाऱ्यात एवढी उंच बिल्डिंग उभी राहावी म्हणून त्याने नऊ चौकोनी नळकांडी एकमेकांना जोडून एकच जुडी बनवली, आणि ती सगळी वरपर्यंत नेली नाहीत, दोन ५० व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या आणि उरलेली दोनच शेवटपर्यंत जातात. बाहेरून जे पायऱ्यापायऱ्यांसारखं दिसतं ते हे. आजच्या अतिउंच इमारती ह्या ट्यूबच्या कल्पनेचं देणं लागतात. आणि एवढं असूनही फोटो दाखवला तर लोक म्हणतात, ही काळी बिल्डिंग कुठली?

अमेरिकेतली सर्वात उंच हा मानसुद्धा गेला. न्यूयॉर्कचा वन वर्ल्ड ट्रेड सेंटर छतापर्यंत मोजला तर ४१७ मीटर, विलिसपेक्षा कमीच, पण वरचा जो दांडा आहे तो अँटेना धरायचा की इमारतीचा शिखरभाग, यावर वाद झाला, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये निकाल लागला की शिखरच आहे, सगळं धरून ५४१ मीटर. विलिसवरच्या दोन पांढऱ्या अँटेना मात्र धरत नाहीत. आणि हा निकाल देणारी उंच इमारतींची कौन्सिल कुठली, तर शिकागोचीच. मला ह्याचं फार कौतुक वाटतं, स्वतःच्या गावाचा मान जात असताना नियमाप्रमाणे निकाल देणं सोपं नाही.

पण एका बाबतीत शिकागोने अलीकडे बाजी मारलीय, बीन. अधिकृत नाव क्लाउड गेट, मिलेनियम पार्कमधला तो चकचकीत स्टीलचा भलामोठा राजमा, करणारा अनिश कपूर, जन्म मुंबईचा, १९५४ चा. १६८ पत्रे जोडलेत आणि कुठेही जोड दिसत नाही, २००६ ला पूर्ण झाला. फोनचा कॅमेरा सगळ्यांच्या हातात आला तो साधारण त्याच सुमारास, आणि ह्याच्यासमोर उभं राहिलं की तुम्ही आणि मागची सगळी स्कायलाइन एकाच फोटोत येता, म्हणून तो पसरला. लिबर्टीच्या वेळी जे काम छोट्या मूर्तींनी केलं तेच इथे सेल्फीने केलं. इतकं की २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येपण एका उंच टॉवरच्या खाली दबल्यासारखा कपूरचाच एक बीन आला, पण मोकळ्या आकाशाखालच्या बीनची मजा त्याला नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि बीनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूट आहे, दारात दोन ब्राँझचे सिंह. विवेकानंद बोलले ती इमारत हीच, समोरच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नाव आहे, पाटी लावलेली आहे. कितीतरी आपली माणसं सिंहासोबत फोटो काढतात आणि पाटीकडे मान वर करून बघतसुद्धा नाहीत.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात कोणाचे आईवडील भारतातून अमेरिकेला येत असतील आणि न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगरा असं ठरलेलं पॅकेज घेत असाल तर दोन दिवस शिकागोला काढा. नदीतून आर्किटेक्चरची बोट टूर घ्या, साधारण दीड तासाची असते, आणि संध्याकाळी अॅडलर प्लॅनेटेरियम म्हणजे तिथल्या तारांगणाच्या बाजूला जाऊन बसा, तिथून मिशिगन तळ्यापलीकडे सगळं शहर एका नजरेत दिसतं. स्वेटर मात्र न्या, जूनमध्येसुद्धा तळ्यावरून गार वारं येतं.