परतीचं पेट्रोल

[दृश्य: बाकावर अॅल्युमिनियमची टाकी, वरचं झाकण उघडं]

घरी बांधल्या जात असलेल्या गाडीची ही टाकी. झाकण अजून वेल्ड झालेलं नाही, म्हणून आतलं सगळं दिसतंय. उजवीकडचा पाइप पेट्रोल इंजिनाकडे नेतो. त्याचा विचार सगळेच करतात. आपल्याला बघायचाय तो डावीकडचा, रिटर्नचा, म्हणजे इंजिनाकडून पेट्रोल परत आणणारा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत बहुतेक वेळा हा पाइप नसतोच. कार्ब्युरेटर भरला की तरंगणाऱ्या फ्लोटची सुई बसते आणि पेट्रोल थांबतं. इंजेक्शनच्या या मांडणीत मात्र पंप सारखा पूर्ण जोराने चालतो. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, साधारण ३ बार दाब धरून ठेवतो तो रेग्युलेटर, आणि पेट्रोल फवारणाऱ्या या इंजेक्टरना नको असलेलं पेट्रोल टाकीकडे सोडून देतो.

[दृश्य: बाकावर जोडलेला पंप आणि रेल, परतीची धार मोजपात्रात]

ही धार नीट पाहा. बाकावर पेट्रोलऐवजी पंप तपासायचं द्रव घेतलंय. पंप तासाला १५० लिटरचा. आयडलिंगला इंजिन तासाभरात पिणार जेमतेम लिटर-दीड लिटर. बाकीचं सगळं असं परत येणार. टाकी ४० लिटरची धरली, तर १६-१७ मिनिटांत टाकीभर पेट्रोल रेलपर्यंत जाऊन येतं. एवढ्या प्रवाहाला उरलंसुरलं समजून हाताला लागेल तो बारीक पाइप लावतात, ते मला अजिबात पटत नाही. बारीक पाइपात पेट्रोल तुंबतं, रेग्युलेटर पूर्ण उघडला तरी रेलचा दाब चढतो, मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. म्हणून इथे रिटर्नला ८ मिलिमीटरचा पाइप आहे. वळणं मोठी, मध्ये काटकोनी एल्बो नाही, फिल्टरही नाही.

[दृश्य: प्रेशर गेजचा काटा]

रेग्युलेटरच्या डोक्यावरची ही नळी इंटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना जाते. हातपंपाने तिला व्हॅक्युम दिला की काटा ३ वरून अडीचच्या आसपास उतरतो. मॅनिफोल्डमधला दाब जितका खाली, तितकाच रेलचाही खाली, त्यामुळे इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक कायम राहतो. रिटर्न मोकळा असेल तरच हे जमतं.

[दृश्य: काचेची पेटी, वरून पडणारी धार]

आता काचेची पेटी. रिटर्न वरच सोडलाय. धार पडतेय, आणि बघा, पिकअपपर्यंत, म्हणजे पंप जिथून पेट्रोल ओढतो त्या तोंडापर्यंत, नुसता फेस. हाच पाइप तळाजवळ उतरवला, तर फेस जवळजवळ नाहीसा. पंपाला हा फेस चालत नाही.

[दृश्य: टाकीतला गोल डबा, जवळून]

आणि हा स्वर्ल पॉट, दीड लिटरचा. रिटर्नचं तोंड त्याच्या भिंतीला समांतर वेल्ड केलंय, त्यामुळे पेट्रोल आत गोल फिरतं. हवा मधोमध जमून वर जाते, पिकअप तळाला राहतो. तळाजवळ या झडपा आहेत, आत उघडणाऱ्या. टाकीतलं पेट्रोल त्यातून आत येतं, बाहेर पडत नाही. लांब वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला धावलं, तरी परत येणारं पेट्रोल पॉटमध्येच पडत राहतं. २०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण एक लिटर जाळतं, म्हणजे हिशेबाने इथे सव्वा-दीड मिनिटाची शिल्लक. जास्तीचं वरच्या कडेवरून मोठ्या टाकीत ओसंडतं. इंजिनाच्या उष्णतेने तापून आलेलं पेट्रोल तिथे थोडं निवतं, हाही फायदाच.

पॉट नसेल आणि पंपाने हवा ओढली, तर मिक्स्चर लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पिस्टन जळू शकतो.

[दृश्य: टिग वेल्डिंग, मग साबणाचं पाणी]

झाकण बसलं. टाकी कोरी आहे, तिच्यात पेट्रोल कधी गेलेलं नाही, म्हणूनच हे वेल्डिंग करता येतंय. टाकीत हवा ये-जा करायच्या व्हेंटला रोलओव्हर व्हॉल्व्ह आहे, गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर सांडू न देणारा. तोंडं बंद करून आत ०.१ बार हवा भरली, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. रिटर्नच्या फिटिंगपाशी एक बुडबुडा दिसतोय. तेवढा सांधा परत वेल्ड होईल, आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून.