सात अडीच

(दृश्य: पहाट. पऱ्हाटीचं वावर. धुऱ्यापलीकडे महामार्गाचा उंच भराव, त्यावरून सरकणारे दिवे.)

वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. पऱ्हाटी कमरेला लागलीय, मधेमधे तुरीची तासं. तो पलीकडे दिसतोय तो समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या ओसऱ्यांवर एक वाक्य ऐकू यायला लागलं होतं.

"बाबानं तवा वावर इकलं नसतं तं..."

हे वाक्य पुरं कोणी करत नाही. बाप समोर बसलेला असतो.

(दृश्य: कंदिलाच्या उजेडात एक जुनं पुस्तक.)

१९३६. बनारस. ‘गोदान’ नुकतंच छापून आलेलं. प्रेमचंद आजारी आहेत आणि नवी कादंबरी लिहिताहेत, ‘मंगलसूत्र’. चार प्रकरणं लिहून होतात. ८ ऑक्टोबरला ते जातात. वय ५६.

त्या चार प्रकरणांत देवकुमार नावाचा एक म्हातारा लेखक आहे. आयुष्यभर सचोटीनं जगलेला, वडिलोपार्जित मालमत्ता कवडीमोलानं विकून बसलेला. आता त्या जागेचा भाव चढलाय. थोरला मुलगा संतकुमार वकील आहे. विकलेलं परत मिळवायला तो एक वाट शोधतो: विक्री केली तेव्हा वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं कोर्टात सिद्ध करायचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ गप्पच बसलो. १८७२ चा करार कायदा प्रेमचंदांच्या काळात होता, आजही आहे. करार करताना माणसाचं मन ठिकाणावर नसेल, तर तो करार टिकत नाही. म्हणजे संतकुमारची युक्ती आज आमच्या तालुक्याच्या कोर्टातही तशीच्या तशी मांडता येईल. म्हणून यावर इथंच सिनेमा करायचं ठरलं. पुस्तकातलं घर काढून इथलं कौलारू घर ठेवलं, लेखकाच्या जागी भजनं लिहिणारे आबाजी आणले, आणि विकलेली मालमत्ता केली अडीच एकर वावर. बाकी फारसं काही हलवावं लागलं नाही.

हक्काचंही बघितलं. लेखकाच्या मरणानंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणावर आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ‘मंगलसूत्र’ पुस्तकरूपानं आलं १९४८ साली. म्हणजे २००९ पासून ते सगळ्यांचं.

सगळ्यांचं झालं म्हणून वाट्टेल तसं वाकवायचं नाही, हे मात्र पहिल्याच बैठकीत ठरलं. प्रेमचंद १९३४ साली मुंबईला सिनेमासाठी लिहायला गेले होते, अजंता सिनेटोनकडे. वर्षभरात परतले. तिथं लेखकाचं काही चालत नाही, दिग्दर्शक म्हणेल ते खरं, ही त्यांची खंत होती. तीच वेळ त्यांच्या शेवटच्या गोष्टीवर आपल्या हातून यावी, हे आम्हाला नको होतं.

तरी काही काढावं लागलं. न्यायाधीशाच्या मुलीला जाळ्यात ओढायचं एक उपकथानक आहे, ते काढलं. आजी, सून आणि पोट्टे एका सतरंजीवर बसून बघतील असा सिनेमा करायचा होता. आणि एक पात्र आम्ही घातलं, जे पुस्तकात नाही. दहा वर्षांची नात.

(दृश्य: ओसरी. खाटेवर आबाजी, खाली नात. आबाजींच्या हातात खंजिरी.)

तिच्या कानावर येतं की आबाजींना वेडं ठरवणार आहेत. ती कोणाला काही विचारत नाही. शाळेतून आली की आबाजींना अडीचकी म्हणायला लावते. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात. बरोबर आलं की तिचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आबाजींचं काम करणारे गृहस्थ गावातलेच. सत्तरी ओलांडलेली, भजन मंडळात खंजिरी वाजवतात. त्यांनीही रस्ता यायच्या आधी वावर विकलंय. किती, ते आम्ही विचारलं नाही. नातीचं काम करणाऱ्या पोरीला अडीचकी त्यांनीच शिकवली. शाळेत आता ती शिकवत नाहीत, आणि संवाद म्हणून पाठ करून घेतली तर ती पाठ केल्यासारखीच ऐकू येते. दोघं आठ दिवस गोठ्यामागे बसून म्हणत होते. तिसऱ्या दिवसापासून ते चुकले की तिला कळायला लागलं.

खरी झटापट शेवटावर झाली. गावातल्या प्रत्येकाचा शेवट वेगळा. कोणाला मुलगा पायावर पडायला हवा होता. कोणाला आबाजींचं मरण हवं होतं. एका माउलीनं विचारलं, "केस जिकली असं काहून नाई दाखवत?" त्या प्रश्नात दुखणं होतं, म्हणून तो मनात राहिला.

पण प्रेमचंद जिथं थांबले ती पानं नीट वाचली पाहिजेत. आधी मुलावर संतापलेला देवकुमार तिथं स्वतःच डळमळतो. जन्मभर सरळ वागून काय मिळवलं, हे तो स्वतःला विचारतो, आणि लढायचं तर हत्यार घ्यावं लागेल इथवर येतो. कुटुंबाच्या सिनेमात म्हातारा देवमाणूस असावा लागतो, असा आपल्याकडे समज आहे. प्रेमचंदांनी त्याला माणूसच ठेवलाय. ते पुसून टाकलं असतं, तर गोष्ट त्यांची उरली नसती.

(दृश्य: रात्र. एकच पिवळा दिवा. दूरवर ट्रकांचा आवाज.)

म्हणून शेवटच्या प्रसंगात आबाजी मुलाला हो म्हणून आलेत. नात अडीचकी विचारते. आता चुकले तर वावर परत येण्याची आशा, बरोबर म्हटलं तर शहाणे. ते सुरू करतात. चार अडीच दहा. पाच अडीच साडेबारा. सहा अडीच पंधरा. सात अडीच...

इथं सिनेमा संपवायचा, असं ठरलं होतं.

चित्रीकरणाच्या रात्री ते थांबले. सगळे श्वास रोखून. आणि पोरगी हळूच म्हणाली, "साडेसतरा, आबाजी."

तिला समजावलं, तू बोलायचं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. ती बोलली नाही. पण दोन्ही वेळा तिचे ओठ हलले, आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं मान फिरवून अंधाराकडे पाहिलं, रस्ता आहे त्या बाजूला.

संकलनाला बसलो तेव्हा तिसरा टेक ठेवला. ओठांसकट.