पेटी का जुळत नाही? ‘काइंड ऑफ ब्लू’च्या टेपची भानगड

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत जॅझचा विषय निघाला आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, की दादा, घरी बाबांची ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी एलपी (मोठी तबकडी) आहे, तिच्यावरचं ‘सो व्हॉट’ लावून सोबत वाजवायला बसलो तर कीबोर्ड जुळतच नाही, माझा कान खराब आहे का? अरे नाही, कान चांगला आहे म्हणून तर कळलं!

आधी पटकन माहिती. माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९, न्यूयॉर्क. कोलंबिया कंपनीचा ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, मूळचं चर्च, छत भरपूर उंच. रेकॉर्डिंग दोनच दिवस, २ मार्च आणि २२ एप्रिल. ट्रम्पेट माइल्स, सॅक्सोफोनला कोलट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडरली, पियानोला बिल इव्हान्स (एका तुकड्यात विंटन केली), बास पॉल चेंबर्स, ड्रम्स जिमी कॉब. झालं.

आता भानगड. २ मार्चला ज्या मशीनवर मुख्य टेप भरली ते मशीन किंचित हळू चालत होतं. त्या दिवशीचे तीन तुकडे म्हणजे एलपीची अख्खी पहिली बाजू. आणि ती बाजू एलपीवर ऐकू येते थोडी जलद आणि चढ्या सुरात. इथेच सगळे अडखळतात, ‘मशीन स्लो होतं तर गाणंही स्लोच वाजणार ना?’ ही कमेंट मला इतक्या वेळा आलीय की आज नीट बसून सांगतो.

असं बघा. एका सेकंदाचा सूर जेवढ्या फितीवर उतरायला हवा होता त्यापेक्षा थोड्या कमी फितीवर उतरला. नंतर नीट चालणाऱ्या मशीनवर ती फीत लावली की तो तुकडा सेकंदाच्या आतच संपतो. भरताना हळू, म्हणून वाजवताना जलद.

अजून नाही पटलं? आमच्या आजोबांचा अभंग मी लहानपणी टेपरेकॉर्डरवर भरला होता, सेल उतरत आले होते ते लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नवे सेल घालून लावला तर आजोबांचा एवढा भारदस्त आवाज एकदम पोरासारखा बारीक आणि अभंग आपला धावतोय. आजी हसली, मी रडलो. ती कॅसेट अजून आहे माझ्याकडे. तर माइल्सच्या टेपचं तेच झालं, फक्त फरक इतका थोडा की नुसतं ऐकताना कळत नाही, वाद्य घेऊन बसलं की कळतं.

आता पेटीवाल्यांसाठी. ‘सो व्हॉट’ म्हणजे बत्तीस मात्रांचा नाही हं, बत्तीस बारचा साचा, एक बार म्हणजे इथे चार मात्रा. सोळा बार पांढरी दोनचा सा धरून सरळ काफी थाटाचे सूर, मग आठ बार तेच सूर काळी दोनवरून, परत आठ बार पांढरी दोन. बस, एवढंच, बाकी सगळं वाजवणाऱ्यावर सोडलेलं. आणि जुन्या एलपीवर तो सा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी पडतो. पेटीवर तिथे पट्टीच नाही! कॉलेजात असताना मी पैसे साठवून पेटी ट्यून करून आणली होती याच्यापायी, तरी जुळेना. ट्यून करणारे काका म्हणत होते पेटी बरोबर आहे, मी ऐकलं नाही त्यांचं.

खात्री करायचीय? एलपी उलटी करा, ‘ऑल ब्लूज’ लावा, पांढरी पाच दाबा. जुळलं ना? ती बाजू २२ एप्रिलची, ती टेप ठीक होती. म्हणजे तुमचा प्लेअरही बरोबर आणि कानही.

हो, आणि ‘सगळं एकाच टेकमध्ये, म्हणजे एका दमात झालं’ असं लिहिणाऱ्यांनो, तसं नाहीये. मधेच थांबलेले, चुकलेले टेक आहेत, ‘फ्लेमेंको स्केचेस’चे तर दोन पूर्ण टेक आहेत आणि दुसराही नंतर सीडीवर आला. दोन्ही ऐका, सोलो (एकेकट्याचं वादन) पूर्ण वेगळे. मला ही गोष्ट जास्त मोठी वाटते, तीच माणसं, तेच सूर, आणि परत नव्याने सुचतंय.

दुरुस्ती झाली १९९२ साली. २ मार्चच्या त्या रेकॉर्डिंगला स्टुडिओत सुरक्षेसाठी दुसरं मशीनही चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता, ती टेप काढली आणि तिच्यावरून रेकॉर्ड नव्याने तयार केली. तेहतीस वर्षं जगभरच्या पोरांनी चढ्या सुराबरोबर आपली वाद्यं चढवून रियाज केला असेल, मला त्यांचं फार वाटतं.

आता असं करा, दुरुस्त केलेली ‘सो व्हॉट’ लावा, हेडफोन घाला, पांढरी दोन धरून ठेवा. आधी बास बोलतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. मग माइल्सचा सोलो सुरू होतो त्याच क्षणी जिमी कॉब झांजेवर एक ठोका मारतो, जरा जोरातच, आणि ती झांज त्या उंच छताखाली विरत विरत जाते. ती पूर्ण विरेपर्यंत पेटीवरचं बोट उचलू नका.