हवा टर्बोची, काम नोझलचं

गाडीच्या पाठीवर ‘टर्बो’ लिहितात. ‘नोझल’, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, असं लिहिलेली गाडी कुणी पाहिलीय? (हशा) माझी तक्रार तीच आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचं आणि जास्तीची हवा दाबून आत ढकलायची, एवढंच टर्बो करतो. पण डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल पडलं की पेटतं. ते किती पडणार, केव्हा, किती बारीक, हे सगळं पंप आणि नोझल ठरवतात. नाशिककरांना मी काय सांगणार, या सभागृहातल्या निम्म्या घरांत इथल्या नोझल बनवणाऱ्या ‘मायको’ कारखान्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी असेल!

१९३६ ची मर्सिडीज २६० डी घ्या, नाहीतर १९७८ ची टर्बोवाली ३०० एसडी. दोन्हीत डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नव्हतं, आधी बाजूच्या छोट्या खोलीत जायचं. आवाज कमी, पण उष्णता भिंतींतच जिरायची. आपल्या पहिल्या इंडिकाचंही तेच. थंडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग चावी फिरवायची. थेट इंजेक्शन आणि टर्बो यांची जोडी मोटारीत आणली फियाटच्या क्रोमानं. नाव मात्र झालं १९८९ च्या ऑडी टीडीआयचं.

आता फियाटचं नाव निघालंच आहे, तर तो किस्सा सांगतोच. (आमची ही आता बाहेर चहाला जाईल.) कॉमन रेल म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी. तिच्यावर स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट ह्यूबर यांनी साठच्या दशकातच काम केलं होतं. ट्रकमध्ये ती आणली जपानच्या डेन्सोनं, १९९५ मध्ये. पण मोटारीसाठी वर्षानुवर्षं घाम गाळला फियाटच्या संशोधकांनी. आणि ऐन पीक हाताशी आल्यावर कंपनीनं तंत्र सुटे भाग बनवणाऱ्या जर्मन बॉशच्या हवाली केलं! १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ आली, ती पहिली, हे कबूल. पण पाठोपाठ त्याच वर्षी मर्सिडीजचीही आली. मग स्वतः वाढवलेल्या तंत्राचे पंप आणि इंजेक्टर फियाट बॉशकडून विकत घेऊ लागली. मला अजून राग येतो. माझा एक पैसा गेलेला नाही, तरी येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे विषयाला आता हात घालायचा! (हशा)

जुन्या पंपात दाब इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. इंजिन मंद तर फवाराही मंद. कॉमन रेलमध्ये पंप फक्त नळी भरून ठेवतो, पहिल्या गाड्यांतच १३५० बार दाबापर्यंत (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), आणि संगणक हवं तेव्हा इंजेक्टर उघडतो. म्हणून आधी थेंबभर डिझेल सोडता येतं. ते पेटलं की मुख्य फवारा सौम्यपणे जळतो, टकटक कमी होते. फोक्सवॅगननं १९९८ पासून दर सिलिंडरला वेगळा पंप दिला, दाब २००० बारच्या वर नेला. पण एका फेरीत अनेक फवारे देणं त्याला जड जायचं, शेवटी तेही कॉमन रेलवर आले. फियाटच्या २००३ च्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनात एका फेरीत पाच फवारे. तेच इंजिन २००७ च्या स्विफ्ट डिझेलमध्ये, तेच आपल्या रांजणगावात बनायचं. २०२० मध्ये धुराचे कडक नियम, बीएस-६, आले आणि ते गेलं. फवाऱ्यात खोट नव्हती. छोट्या गाडीला धूर धुण्याचा खर्च पेलला नाही, असं माझं मत. टर्बो पेट्रोल गाड्यांत सुखरूप आहे!